परक्याचे गाठोडे आणि वस्तीवरची भीती



गेल्या हिवाळ्यात आमच्या एका कार्यकर्त्याच्या वस्तीवर एक गाठोडे सापडले. वस्ती गावापासून तीन किलोमीटर, ओढ्याच्या पलीकडे. दोन खोल्यांचे घर, पुढे गोठा, मागे कडब्याची गंजी आणि तिन्ही बाजूंनी ऊस. सर्वांत जवळचे घर अर्ध्या किलोमीटरवर. पहाटे धारा काढण्याआधी वहिनी कडबा आणायला गंजीमागे गेल्या आणि पायाला काहीतरी लागले. बॅटरी मारून पाहिले. एक जुनी घोंगडी, प्लॅस्टिकचा कागद, पुरुषाच्या चपला, उघडा डबा, त्यात अर्धी भाकरी, विड्यांचे बंडल आणि एक कोयता. शेजारी कडबा एका माणसाच्या अंगाएवढा दबलेला. रात्री कुत्रे भुंकले नव्हते. म्हणजे त्या माणसाची कुत्र्याला सवय झाली होती.

घरातून काहीही चोरीला गेले नव्हते. कोणाला इजा झाली नव्हती. तरी त्या घरातले कोणी पुढच्या चार रात्री झोपले नाही. पोरांची शाळा बुडाली, कारण ओढ्यातून एकटे पाठवायचे कसे? त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत होती. गव्हाला पाणी द्यायचे तर घरधन्याने रात्री मोटारीवर गेलेच पाहिजे, आणि तो गेला की घरात बाई, म्हातारी सासू आणि दोन लेकरे. दोन रात्री त्याने पाणी सोडलेच नाही. गहू तहानलेला राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. शहाणपणा सांगायला गेलो होतो, तो ऐकून परत आलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, माणूस कोण होता याचं मला काही नाही. तो किती दिवस आमच्याकडं बघत होता, ते सांगा. मी पहाटे एकटी उठते, कुठं जाते, हे कधी जातात, हे सगळं त्याला ठाऊक झालं असंल." या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. चोरी झाली तर नुकसान मोजता येते. आपल्या दारामागे कोणी राहून गेले, हे मोजायला माप नाही.

ठाण्यात फोन केला होता. पलीकडून विचारले, "काही गेलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग तक्रार कशाची लिहायची?" गावात पारावर काहींनी थट्टा केली. दारुडा झोपला असेल, बायका उगीच घाबरतात. थट्टा करणाऱ्यांची घरे भर गल्लीत आहेत, भिंतीला भिंत लागून.

थट्टा न करणाऱ्यांनी जे केले ते मात्र जास्त भयंकर होते. एका पोराने गाठोड्याचा फोटो काढून मोबाईलवर टाकला. दुपारपर्यंत त्या फोटोखाली 'टोळी उतरली आहे' असे आले, आणि संध्याकाळी टोळीत सात माणसे झाली. कोयता दिसला म्हणून बोटे ऊसतोडीच्या कोप्यांकडे वळली. तिथे मराठवाड्यातून आलेली बिऱ्हाडे उतरली होती. रात्री काठ्या घेऊन पंचवीस-तीस तरुण निघाले. वाटेत पोलीस पाटील आडवे आले, त्यांनी मुकादमाला बोलावले, सगळ्यांना एका जागी बसवले. प्रत्येक कोयत्याची जोडी हजर होती, एकही माणूस कमी नव्हता. पोरे परत फिरली. त्या रात्री कोप्यांवरच्या बायकाही झोपल्या नाहीत, हे आम्हाला नंतर कळले. त्यांच्या कोप्यांना तर दारही नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंचनामा झाला, गाठोडे ठाण्यात गेले. ते कोणाचे होते, हे आजपर्यंत कळलेले नाही. कोणी न्यायलाही आले नाही. ही गोष्ट इथेच संपते. 'तो बिचारा गरीब वाटसरू निघाला' असा शेवट सांगता आला असता तर वाचणाऱ्याला बरे वाटले असते. पण बहुतेक वेळा असा शेवट मिळत नाही. माणूस कोण हे न कळताच वस्तीवर राहायचे असते आणि न कळताच शहाण्यासारखे वागायचे असते. म्हणून हा विषय जिल्ह्याच्या बैठकीपुढे ठेवतो आहोत.

पहिली गोष्ट, वस्तीवरची भीती खोटी नाही. २००१ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर दरोडा पडला. लूट झाली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्या भागातल्या वस्त्यांवरची माणसे ते विसरलेली नाहीत. तेव्हा जी बाई गाठोडे पाहून घाबरते, तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

दुसरी गोष्ट, त्या भीतीचे पुढारपण अफवेकडे दिले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजारच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत आलेले. मुले पळवणारी टोळी आल्याचा निरोप मोबाईलवर फिरत होता, तेवढे पुरले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच गेले. तिथेही आधी अफवा होती. मारणारे कोणी सराईत गुंड नव्हते. तुमच्याआमच्यासारखी, घाबरलेली गावची माणसे होती.

आणि अफवा बोट दाखवते ते नेहमी एकाच दिशेला. पाल ठोकून राहणारा, भिक्षा मागणारा, मेंढरे घेऊन फिरणारा, ऊस तोडायला आलेला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारावरच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. ज्याला घर नाही त्याचे सामान कुठेतरी उघड्यावरच पडणार. ते दिसले म्हणजे गुन्हा दिसला असे होत नाही. आपली स्वतःची पोरे पुण्या-मुंबईला कामाला जातात, पहिल्या रात्री फलाटावर, पुलाखाली गाठोडे उशाला घेऊन झोपतात. त्यांच्याकडेही तिथले लोक याच नजरेने पाहतात.

आता मुळाशी जाऊ. वस्ती एकटी का पडली? शेतकरी हौसेने रानात राहायला गेला नाही. वाटण्यांत गावातले घर अपुरे पडले, गाईगुरांना जागा उरली नाही. विहीर रानात, मोटार रानात, राखण रानात. माणूस तिथे गेला, पण गावाच्या सोयी त्याच्यामागे गेल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी गावठाणाची विजेची वाहिनी वेगळी झाली आणि वस्ती शेतीपंपाच्या वाहिनीवर राहिली. पंपाची वीज बंद, की घरातला दिवाही मंद नाहीतर बंद. दिवसा वीज देण्याच्या योजना आल्या, सौर वाहिन्या काही भागांत सुरू झाल्या, तरी अजून कितीतरी शेतकऱ्यांना पाळी आली की रात्रीच पाणी धरावे लागते. साप, बिबट्या आणि वीज यांचा धोका आपण नेहमी बोलतो. तो रानात असताना घर उघडे पडते, हे बोलत नाही. रात्रीच्या विजेची किंमत बिलात दिसते त्याहून मोठी आहे, आणि ती घरातली बाई भरते.

पूर्वी गावाला जागल्या असे. ती जातीवर लादलेली वेठ होती, ती गेली हे फार चांगले झाले. पण तिच्या जागी नीट काही उभे राहिले नाही. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील आहे. तो एकटा माणूस, सगळा भार त्याच्यावर. ग्रामरक्षक दल पुष्कळ गावांत कागदावर आहे. एका फोनवरून गावातल्या सगळ्या मोबाईलवर निरोप देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा काही जिल्ह्यांत चालते, पण वस्तीवरच्या बायकांचे नंबर तिच्यात घातलेले आहेत का, हे कोणी पाहिले आहे?

असे काही सापडले तर काय करावे, ते सरळ लिहितो.

गाठोडे उचलू नका, उघडू नका, घरात आणू नका. आत काय आहे ठाऊक नसते, आणि पुढे चौकशी झाली तर आहे तसे राहिलेले बरे. शेजारच्या दोन वस्त्यांना आणि पोलीस पाटलाला कळवा. ११२ ला फोन करा. काही चोरीला गेले नाही असे म्हणून टाळू लागले तर 'संशयास्पद वस्तू सापडली, पंचनामा करा' एवढेच म्हणा आणि नोंद झाल्याचा क्रमांक व तारीख लिहून घ्या. संशयास्पद वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला आहे.

फोटो मोबाईलवर गावभर पाठवू नका. पोलिसांना दाखवण्यापुरता ठेवा.

गाठोड्याचा धनी परत आलाच तर चार माणसांनी मिळून त्याचे नाव, गाव, काम विचारा. उपाशी असेल तर भाकरी द्या आणि इथे मुक्काम करू नको, गावात देवळात जा, असे सांगा. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा केला तर सामान्य माणसालाही त्याला पकडता येते. मात्र जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडणे आणि मारणे यांत फरक आहे. नुसत्या संशयावर तर हात लावण्याचाही अधिकार आपल्याला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गाठोडे सापडण्याची वाट पाहू नका. आमच्या त्या कार्यकर्त्याच्या शिवारात आता पाच वस्त्यांनी ठरवले आहे. ज्याची रात्रीची पाळी, त्याच्या घरी शेजारच्या वस्तीवरची एक बाई किंवा मोठा पोरगा मुक्कामाला जातो. पोरे ओढ्यापाशी एकत्र जमून शाळेला जातात. प्रत्येक घरात एक शिट्टी आहे. कोप्यांवरच्या मुकादमालाही या ठरावात घेतले आहे. त्याच्याकडेही एक शिट्टी आहे, आणि आमच्या मते ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. वहिनी अजून पहाटे कडबा काढायला जाताना आधी गंजीवर बॅटरी मारतात. ते काही सुटणार नाही. पण गव्हाला पाणी वेळेवर मिळते.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या शिवारात किती वस्त्या आहेत, त्यांतल्या कितींना रात्री दिवा असतो आणि पावसाळ्यात कितींच्या पाणंदीतून गाडी जाते, हे मोजून आणावे. दिवसाची वीज, वस्तीला दिवा आणि चालता रस्ता, या तीन मागण्यांचा ठराव त्या आकड्यांवर मांडू. आणि या वेळी आकडे घरातल्या बाईला विचारून आणा. अंधार किती वाजता सुरू होतो, ते तिला नेमके ठाऊक असते.