पुंगळी कापण्याआधी

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी नेमबाजीचा छंद धरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रेंजवर जाणं वाढलं की काडतुसांचा खर्च टोचू लागतो. मग कुणीतरी सुचवतं, रिकाम्या पुंगळ्या टाकू नकोस, गॅरेजमध्ये प्रेस बसव आणि घरीच भर. त्यापुढची पायरी म्हणजे एका मापाची पितळी पुंगळी कापून, आवळून दुसऱ्या मापाची करणं. छंद चांगला आहे, हाताला आणि नजरेला शिस्त लावतो. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथे फेडरल परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. पण सुरुवात करण्याआधी थोडं ऐका.

सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. त्याच कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या भरलेल्या काडतुसापुरती नाही. रिकामी पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर ही सुटी सुटीसुद्धा दारूगोळाच ठरतात. म्हणजे बंदूक नसली तरी कपाटातला पितळेचा डबा अंगाशी येऊ शकतो, आणि २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही बंदी लागू नाही, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. शंका असेल तर वकिलाला विचारा. रेंजवरच्या मित्राचा सल्ला इथे पुरणार नाही.

हक्क आहे याची खात्री झाली असेल, तर आता पुंगळीकडे या. नऊ मिलिमीटर लुगरची पुंगळी १९ मिलिमीटरच्या थोडी वर असते, मकारोव्हची १८. त्यामुळे मिलिमीटरभर कापली की झालं, असं वाटतं. पण दोन्हींच्या नावात नऊ असलं तरी लुगरची गोळी ०.३५५ इंचाची आणि मकारोव्हची सुमारे ०.३६५ इंचाची आहे. पुंगळीची भिंत तोंडापासून बुडाकडे जाड होत जाते. कापल्यावर तोंडाशी जाड भाग येतो आणि त्यातच जाडी गोळी बसवायची असते, म्हणून काडतूस फुगून चेंबरमध्ये अडकू शकतं. त्याहून मोठा धोका बुडावरच्या शिक्क्याचा. पुंगळी बदलली तरी शिक्का जुनंच नाव सांगत राहतो. ती तुमच्या डब्यातून दुसऱ्याच्या डब्यात गेली, किंवा तुमच्या मागे मुलांच्या हाती आली, तर ते त्या शिक्क्यावरच विश्वास ठेवणार. बदललेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावर पक्क्या शाईची खूण करा, तिचा डबा वेगळा ठेवा आणि डब्यावर नाव, तारीख, पावडर लिहा. अशी काडतुसं कुणालाही देऊ नका, भेट म्हणूनही नाही.

.४० एस अँड डब्ल्यूची पुंगळी आवळून .३५७ सिग करण्याचा मोह तर सोडूनच द्या, असं मी स्पष्ट सांगतो. .४० ची लांबी ०.८५० इंच, सिगला हवी ०.८६५. सिगची मान मुळातच आखूड, त्यात ही तूट आली की गोळीवरची पकड ढिली पडते. पिस्तुलात भरताना गोळी धक्क्याने आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब एकदम चढतो. .४० साठी मान्य कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे, सिगसाठी ४०,०००. तयार पुंगळ्या बाजारात मिळत असताना थोड्या पैशांसाठी ही जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

लांबीला इतकं का मानायचं, हे .३५७ मॅग्नमवरून कळतं. १९३५ साली हे काडतूस .३८ स्पेशलपेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब केलं गेलं, ते जुन्या, कमी ताकदीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. .३८ ची मर्यादा १७,००० पौंड, मॅग्नमची ३५,०००. मधला तेवढासा पितळेचा तुकडा राखणदार म्हणून ठेवलेला आहे. कुठलीही पुंगळी कापताना तुम्ही असाच एखादा राखणदार हटवत नाही ना, हे आधी तपासा.

भरतानाचा नेहमीचा घात म्हणजे दुहेरी पावडर. पिस्तुलाची मात्रा इतकी थोडी असते की कित्येकदा एकाच पुंगळीत दोनदा मावते, आणि वरून बुलेट बसली की काहीच दिसत नाही. म्हणून छापील मॅन्युअलमधली अशी पावडर निवडा, जिची दुप्पट मात्रा पुंगळीबाहेर सांडेल. बुलेट बसवण्याआधी दिवा धरून प्रत्येक पुंगळीत डोकवा. टेबलावर एका वेळी एकच पावडर असू द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पावडर पडलीच नाही तर उलटा घात होतो, नुसत्या प्रायमरने गोळी नळीत अडकते. बार फुसका वाजला तर दुसरा मारू नका. पिस्तूल रिकामं करा आणि नळी आरपार मोकळी आहे का ते बघा.

घरच्यांची काळजी मला याहून जास्त वाटते. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग असतं, आणि झाडलेल्या पुंगळ्या टंबलरमध्ये घासल्या की त्याची धूळ उडते. तीच धूळ कपड्यांवरून गालिच्यावर येते, जिथे रांगणारं मूल असतं. मुलांच्या रक्तात शिसं किती चालेल, याची निर्धोक अशी पातळीच नाही. तेव्हा टंबलर घराबाहेर ठेवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, तिथे चहासुद्धा पिऊ नका, कपडे वेगळे धुवा आणि वर्षातून एकदा स्वतःच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. प्रायमर मूळ ट्रेमध्येच ठेवा, बरणीत ओतले तर एकाच्या ठिणगीने सगळे उडतील. पावडरही मूळ डब्यात, कुलपाआड ठेवा.

आणि भारतात येताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा इथे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, आणि त्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. खिशाच्या शिवणीत राहिलेलं एक काडतूस विमानतळावर सापडतं आणि सुट्टी पोलीस ठाण्यात सुरू होते. जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे. पण ते न्यायालयात मांडेपर्यंत परतीचं तिकीट वाया गेलेलं असतं. प्रवासासाठी वेगळी बॅग घ्या, आणि भरण्याआधी तीही एकदा उलटी करून झटका.