वाळूची पेटी आणि माळ्यावरची ट्रंक

"आमच्याकडे चांगला अँटिव्हायरस आहे, त्यात सँडबॉक्सपण आहे." रॅन्समवेअरचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. इथे बदलापूरच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणारे म्हणतात, नातेवाईक म्हणतात. परवा माझा भाचा चाचणीचा एक व्हिडिओ दाखवत होता. "मामा, बघ, शंभरपैकी शंभर पकडले!" मी विचारलं, "आणि एकशे एकावा?" तो हसला. पण खरा प्रश्न तोच आहे. अशा चाचण्या खोट्या नसतात, पण त्या अर्धाच प्रश्न विचारतात असं माझं मत आहे.

आधी सँडबॉक्स म्हणजे काय ते सांगतो, कारण हा ब्लॉग आमच्या मावश्या-काकाही वाचतात. सँडबॉक्स म्हणजे मुलांच्या खेळायची वाळूची पेटी. अनोळखी प्रोग्रॅमला खऱ्या घरात न घेता एका खोट्या खोलीत चालवायचं. त्याला वाटतं आपण खऱ्याच फायली कुलूपबंद करतोय. प्रत्यक्षात तो नकलांशी झटत असतो. नंतर खोली झाडून टाकली की काम झालं. कल्पना उत्तमच.

पण चोरालाही ही खोली ओळखता येते. सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरबद्दल कॅस्परस्कीने २०१८ मध्ये लिहिलं होतं की, तो आधी आपण ठरलेल्या फोल्डरमधूनच चालू झालोय ना हे तपासतो. नसेल तर गुपचूप बंद होतो. म्हणजे परीक्षेत अगदी सज्जन! मे २०१७ चा वॉनाक्राय एका अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर हाक मारायचा. चाचणीच्या खोल्या बहुतेकदा कुठल्याही हाकेला ओ देतात, तेव्हा ओ आली की गप्प बसायचं, असा त्यामागचा हिशेब असावा असं मार्कस हचिन्स या संशोधकाला वाटलं. त्याने तो पत्ताच नोंदवून टाकला आणि साथ मंदावली. गंमत म्हणजे वॉनाक्रायला कोणी फाईल उघडण्याची गरजच नव्हती. तो विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या भोकातून यायचा. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही त्यांच्या घरी तो पेटीला वळसा घालून शिरला.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच सँडबॉक्समध्ये लिहिण्यावर बंधन असतं, वाचण्यावर तितकं नाही. २०१९ च्या अखेरीपासून मेझसारख्या टोळ्या आधी डेटा चोरायच्या आणि मग कुलूप लावायच्या. फायली शाबूत राहिल्या, पण गिऱ्हाईकांची यादी बाहेर गेली, तर चाचणीत पास म्हणायचं की नापास?

आता आपल्या जवळचं उदाहरण. २१ मार्च २०२१ च्या पहाटे खुद्द एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं. महामंडळाने सांगितलेलं त्याचं नाव होतं सिनॅक. तिथे वर सांगितलेलीच युक्ती चालली असा माझा दावा नाही. पण महामंडळाच्याच निवेदनानुसार संगणकांवर परवान्याचा अँटिव्हायरस होता. आणि बॅकअप मात्र नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता, त्याला धक्का लागला नव्हता. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट ती.

बदलापूरकराला हे वेगळं समजावायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर महत्त्वाचे कागद माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवायचा शहाणपणा अनेक घरांत आला. दाराला फळी लावावीच. पण फळी किती मजबूत यावर वाद घालताना कागद जमिनीवरच्या कपाटात ठेवून कसं चालेल?

म्हणून माझी सूचना साधी आहे. अँटिव्हायरस ठेवा, सँडबॉक्स चालू ठेवा, अपडेट टाळू नका. पण चाचणी घ्यायचीच तर स्वतःची घ्या. कारखान्याचा संगणक आज गेला असं समजा. दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधून टॅलीचा डेटा, ड्रॉइंग्ज, घरचे फोटो परत आणून बघा. किती वेळ लागला? काय सापडलं नाही? बॅकअपची डिस्क कायम जोडलेलीच असेल तर ती माळा नव्हे, तीही जमिनीवरच आहे. रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. काम झालं की काढून ठेवा. आणि जे चोरीला गेलं तर परत आणताच येणार नाही, ते मुळात किती साठवायचं याचाही विचार करा.

असो. शंभरपैकी शंभरचा व्हिडिओ बघायला मजा येते, बॅकअप परत आणून बघणं कंटाळवाणं आहे हे मान्य. तुमच्यापैकी कितीजणांनी ते कधी करून पाहिलंय? प्रतिक्रियेत जरूर लिहा. आणि काका, पुढच्या रविवारी मी येतोय, डिस्क शोधून ठेवा!