मॅकबेथशी खोटे कोण बोलले?

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर परीक्षेत प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत दोन वाक्ये हटकून आढळतात. पहिले असे की, अनावर महत्त्वाकांक्षेने एका शूर सेनानीचा घात केला. दुसरे असे की, चेटकिणींनी खोटी आशा दाखवून त्याची फसवणूक केली. बहुधा ही दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी नांदतात, आणि ती परस्परांना छेद देतात हे लिहिणाऱ्याच्या किंवा तपासणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. चेटकिणींनी फसवले असेल तर मॅकबेथ बळी ठरतो. महत्त्वाकांक्षेने बुडवले असेल तर तो अपराधी ठरतो आणि चेटकिणी नेपथ्याचा भाग होऊन बसतात. नाटकातल्या भविष्यवाणीचे शब्द आपण पुरेशा बारकाईने वाचत नाही, म्हणून हा घोटाळा होतो असे आम्हांला वाटते. चेटकिणींचे आणि त्यांनी जागवलेल्या आकृतींचे एकही भाकीत शेवटी खोटे ठरत नाही. मग फसवणूक झाली ती कोठे, आणि ती केली कोणी?

पहिल्या अंकातील प्रवेशांचा क्रम पाहावा. दुसऱ्या प्रवेशात राजा डंकन रणांगणावरची वार्ता ऐकतो, कॉडरच्या फितूर सरदाराला देहान्ताची शिक्षा फर्मावतो आणि त्याचे पद मॅकबेथला बहाल करतो. त्यानंतरच्या प्रवेशात माळरानावर चेटकिणी मॅकबेथला तीन नावांनी वंदन करतात: ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार आणि पुढे राजा होणारा. यांतील पहिले पद त्याच्याकडे आधीपासूनच आहे. दुसरे त्याला मिळून चुकले आहे. बातमी तेवढी पोचायची आहे. प्रेक्षकाला हे ठाऊक आहे, मॅकबेथला नाही. म्हणजे तिहींपैकी भविष्य असे एकच. उरलेली दोन विधाने वर्तमानाची आहेत. परंतु राजाचे दूत येऊन कॉडरची वार्ता सांगतात तेव्हा मॅकबेथ या तीन विधानांची एक चढती श्रेणी बांधतो आणि दोन पायऱ्या खऱ्या निघाल्या म्हणजे तिसरीही पक्की, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. आजचा वार अचूक सांगणारा उद्याचा पाऊसही अचूक सांगेल, असे मानण्यातलाच हा प्रकार. शेक्सपिअरला ही वाणी अद्भुत भासवायची असती तर कॉडरचा निर्णय त्याने प्रेक्षकांपासून लपवला असता. त्याने तो आधी दाखवला, याचा अर्थ भविष्यवाणीचे तेज त्याने मुद्दाम कमी केले आहे. आपण चकित व्हावे ही त्याची इच्छा नाही; मॅकबेथ चकित कसा होतो, हे आपण पाहावे ही आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या वाणीत खून नाही. राजा होशील एवढेच चेटकिणी सांगतात. कसा, केव्हा, कोणाला बाजूला सारून, याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. खुनाचा विचार नाटकात प्रथम येतो तो मॅकबेथच्या स्वतःशी बोलण्यात, आणि तोही वाणी ऐकल्यावर काही क्षणांतच. त्याच बोलण्यात आणखी एक विचार येतो: दैवाला मला राजा करायचे असेल तर माझ्या हालचालीवाचूनही ते मुकुट चढवील. या भविष्यवाणीचे याहून शहाणे वाचन कोणी केलेले नाही. ते मॅकबेथनेच केले आहे. पण पुढच्याच प्रवेशात डंकन आपल्या मुलाला, मॅल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो, आणि हे वाचन मॅकबेथ टाकून देतो. अज्ञानाने फसलेल्या माणसाची ही कथा नव्हे. योग्य अर्थ हाती आलेला असताना तो गैरसोयीचा म्हणून त्याने सोडला आहे.

लेडी मॅकबेथला तर ही वाणी प्रत्यक्ष ऐकायलाही मिळत नाही. ती नवऱ्याचे पत्र वाचते. त्या पत्राचा जो भाग आपल्या कानांवर पडतो, त्यात बँकोचा उल्लेखच नाही. बँको स्वतः राजा होणार नाही, परंतु त्याच्या वंशात राजे जन्मतील, हा वाणीचा उत्तरार्ध तेथे गळला आहे. मॅकबेथने तो हेतुतः गाळला असेल वा नसेल. मात्र लिहिताना काय ठेवावेसे वाटले आणि काय नाही, ते दिसते. ज्या बाईला आपण खुनाची प्रेरणा मानतो, तिच्या हाती मुळात संपादित संहिता आली आहे. पुढे बँकोच्या वंशाची चिंता मॅकबेथला पोखरू लागते, तेव्हा पत्रातली ती रिकामी जागा आठवल्यावाचून राहत नाही.

याच माळरानावर तीच वाणी ऐकणारा दुसरा माणूस म्हणजे बँको. अंधाराचे दूत क्षुल्लक बाबतींत खरे बोलून विश्वास संपादतात आणि गंभीर बाबतींत दगा देतात, असा इशारा तो तिथल्या तिथे देतो. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. शेक्सपिअरने ही कथा हॉलिनशेडच्या बखरीतून घेतली, आणि त्या बखरीत बँको हा खुनाच्या कटातला प्रमुख साथीदार आहे. पहिला जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. त्याचे घराणे आपला वंश बँकोपासून सांगत असे. आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी राजाश्रयाखाली होती. तेव्हा १६०६च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकात बँको सोज्वळ झाला, यात दरबारी अदब आहेच. पण ती मान्य केली तरी बँको धुतल्या तांदळासारखा उरत नाही. तिसऱ्या अंकाच्या आरंभी तो एकटा असताना काय म्हणतो? मॅकबेथने डाव कपटाने साधला, असा संशय त्याला आहे. आणि त्याच दमात तो असाही विचार करतो की, याच्याविषयीची वाणी खरी ठरली तर माझ्याविषयीची का ठरू नये? यानंतर तो गप्प बसतो. संशय कोणाकडेही बोलत नाही. ज्याने आम्हांला इशारा दिला, त्याच्याही कानात वाणीचा सोयीस्कर अर्धा भाग घोळू लागला आहे. फरक एवढाच की, मॅकबेथला त्या अर्ध्या भागाने हातात खंजीर दिला आणि बँकोला मौन दिले.

अर्धे सत्य सांगून सुटण्याच्या या कलेला आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. नाटक लिहिले गेले त्या काळात लंडनमध्ये हा विषय चांगलाच पेटलेला होता. नोव्हेंबर १६०५ मध्ये राजासह पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट उघडकीस आला, आणि त्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूला १६०६ मध्ये फाशी झाली. प्रसंगी द्व्यर्थी बोलणे हे असत्य नव्हे, या त्याच्या भूमिकेची त्या खटल्यात मोठी चर्चा झाली. डंकनच्या खुनानंतर दारावर थापा पडतात तेव्हा झिंगलेला द्वारपाल नरकाच्या दारात अशाच एका द्व्यर्थभाषीचे स्वागत करतो. तो रोख गार्नेटकडे आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण महाभारताशी तुलना थोडी पुढे नेली की एक भेद लक्षात येतो. तेथे दोष बोलणाऱ्या धर्मराजाला लागतो. भूमीला न टेकणारा त्याचा रथ खाली येतो. ऐकणारे द्रोणाचार्य शोकाने शस्त्र ठेवतात, आणि आपली सहानुभूती त्यांच्याकडे जाते. शेक्सपिअरने तराजू उलटा धरला आहे. चेटकिणींच्या पापपुण्याचा हिशेब तो मांडतच नाही. नाटक सारा झोत ऐकणाऱ्यावर ठेवते.

फसव्या दर्शनाचा मुद्दाही याच अंगाने पाहावा लागतो. या नाटकात चेहरे खोटे बोलतात, हे खरेच. माणसाचे मन त्याच्या चेहऱ्यावरून वाचण्याची विद्या नाही, असे डंकन कॉडरच्या संदर्भात म्हणतो आणि नेमका त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. मॅकबेथच्या गढीसमोर डंकन आणि बँको तिथल्या सुखद हवेची आणि भिंतींवर घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची स्तुती करतात. त्या रात्री तेथेच डंकनचा खून होतो. परंतु चौथ्या अंकात हे समीकरण फिरते. चेटकिणी तीन आकृती दाखवतात: शिरस्त्राण घातलेले मस्तक, रक्ताने माखलेले बालक, आणि हाती झाड घेतलेले मुकुटधारी बालक. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करणार नाही, हे सांगते ते रक्ताने माखलेले बालक. आणि आईचे पोट फाडून काढलेला मॅकडफ हा मॅकबेथचा काळ ठरणार आहे. बर्नमचे वन चालून येईपर्यंत तू अजिंक्य आहेस, हे सांगते ते झाड हाती घेतलेले बालक. आणि राजपुत्र मॅल्कम सैनिकांना फांद्या तोडून हाती धरायला लावणार आहे. शब्द जे झाकतात ते रूप उघडपणे दाखवते. नाटकभर दर्शनाने इतरांना फसवणाऱ्या माणसापुढे या एका प्रसंगी दर्शन खरे उभे राहते, आणि तो त्याकडे पाहूनही पाहत नाही. त्याला शब्द हवे आहेत, कारण शब्दांना मनाजोगता अर्थ देता येतो.

नियतिवादी वाचकांना आमचा प्रश्न असा की, मॅकबेथचा तरी नियतीवर विश्वास आहे काय? आपण राजा होणार, ही वाणी तो अटळ मानतो. बँकोचे वंशज राजे होणार, हीच वाणी खोटी पाडण्यासाठी बँको आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स यांच्यावर मारेकरी घालतो. मॅकडफकडून भय नाही असा अर्थ कळल्यावरही खबरदारी म्हणून त्याला मारायचे ठरवतो, आणि तो निसटला तेव्हा त्याच्या बायकामुलांची कत्तल करवतो. एकाच मुखातून आलेल्या वाणीचा एक चरण वेदवाक्य आणि दुसरा खोडण्याजोगा! अशा माणसाला नियतीचा बळी म्हणणे म्हणजे त्याचाच बचाव आपण लिहून देणे होय. अखेरीस मॅकडफच्या जन्माचे रहस्य कळते तेव्हा तो चेटकिणींच्या दुटप्पी बोलण्याला शिव्याशाप देतो. तो त्याचा शेवटचा युक्तिवाद आहे. दुर्दैव हे की आपल्या वर्गांत पुष्कळदा तोच लेखकाचा निष्कर्ष म्हणून शिकवला जातो.

मराठीत हे नाटक परके नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ लिहिले, शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’. विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’ने (२००३) ते मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणले आणि चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारा पोलीस अधिकारी व त्याचा जोडीदार बसवले. कुंडली आली की आपला प्रेक्षक लगेच सरावाच्या वाटेला लागतो: विधिलिखित टळत नाही. त्या चित्रपटातले भविष्यवेत्ते मात्र भविष्य सांगून थांबत नाहीत. सत्तेचा तोल राखण्यासाठी घटनांत हातही घालतात. पत्रिका, मुहूर्त, ग्रहदशा यांच्या सान्निध्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘मॅकबेथ’मधील वाणी चटकन आपली वाटते. ही जवळीक शिक्षकाने वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. भविष्य विचारणारा माणूस बहुधा काय ऐकायचे ते ठरवूनच गेलेला असतो, हेही आपल्या समाजाला अनुभवाने ठाऊक आहे. नाटक त्या ओळखीच्या जागी बोट ठेवते.

म्हणून परीक्षेचा प्रश्नच बदलावा, अशी आमची सूचना आहे. मॅकबेथचा नाश कशाने झाला, हे विचारण्याऐवजी त्याने कोणते वाक्य ऐकले आणि कोणते कानाआड केले, हे संहितेच्या आधारे दाखवा, असे विचारावे. त्या उत्तरासाठी ‘महत्त्वाकांक्षा’ हा एक शब्द पुरणार नाही; पहिल्या अंकाचा क्रम, ते पत्र, बँकोचे मौन, रक्ताने माखलेले बालक हे सारे पुन्हा उघडून पाहावे लागेल. आणि ते पाहताना विद्यार्थ्याला कदाचित जाणवेल की, मॅकबेथशी सर्वांत मोठे खोटे जो बोलला, तो त्या माळरानावर उभा राहून ऐकत होता.