कडीचा प्रश्न

हल्ली नाशिकला मुलाला होस्टेलवर ठेवायचे म्हटले, की पालकांचा पहिला प्रश्न, “बाथरूम अटॅच्ड आहे ना?” त्यासाठी जादा पैसे मोजायची तयारी! सामाईक न्हाणीघरात म्हणे मुलांची आबाळ होते. साफ खोटे!

अहो, २०१५ च्या सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडात आणि शैव त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात, ठरल्या क्रमाने न्हाले. साधूंना पाळी पाळता येते, मग बी.कॉम.च्या पोरांना का नाही? आम्ही तीसजण चार न्हाणीघरांत भागवून पदवीधर झालो. बँकेतली टोकनपद्धत मला तिथेच कळली.

आबाळ झाली ती कडीपायी. चारांतल्या एका दाराला कडीच नव्हती. आत शिरलेल्याने अखंड गात राहायचे! आमच्यातला एक लाजाळू पोरगा गाणे नको म्हणून पहाटे चारला गार पाण्याने न्हायचा. व्यवस्थापकांना त्यात शिस्त दिसायची. फी मात्र त्याच्याकडूनही पुरीच घेतली.

तेव्हा पैसेवाल्यांपुरती अटॅच्डची सोय करून मोकळे होऊ नका. सगळ्यांच्याच नळाला पाणी, दिव्याला बल्ब आणि दाराला कडी द्या. न्हाणीघर खुशाल सामाईक असू दे. अब्रू ज्याची त्याला राहू दे!