पट्टा अडकवायचा कुठे?

प्रति,
मा. सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गेली एकतीस वर्षं मी पुण्यात एसीची कामं घेतो. कार्यालयं, हॉटेलं, रुग्णालयं, बँकांच्या शाखा, कपड्यांची शोरूम. खालच्या मजल्यावर लोक गारव्यात बसतात, त्या गारव्याची यंत्रं वर गच्चीवर असतात, आणि त्या यंत्रांपाशी आमची मुलं असतात. हे पत्र त्या गच्चीबद्दल आहे. तुमच्याकडेच का, तर इमारत कशी असावी हे तुमच्या विभागाच्या नियमावलीत ठरतं. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच एकत्रीकृत नियमावली आहे. एका ठिकाणी बदल झाला तर तो चंद्रपूरपासून कोल्हापूरपर्यंत पोचतो.

परवा एका पाच मजली व्यापारी इमारतीच्या गच्चीवर मी टेप लावून कठडा मोजला. एक मीटर पाच सेंटिमीटर भरला. राष्ट्रीय बांधकाम संहिता किमान एक मीटर सांगते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण त्या कठड्याला खेटून लोखंडी अँगलची फ्रेम उभी आहे, गच्चीपासून साठ सेंटिमीटर उंच, आणि फ्रेमवर आउटडोअर युनिटांची रांग. पंखा युनिटच्या डोक्यावर असतो. तो खोलायचा तर फ्रेमवर चढल्याशिवाय हात पोचत नाही. फ्रेमवर उभं राहिलं की तोच कठडा पंचेचाळीस सेंटिमीटरचा होतो. कमरेशी असलेला कठडा माणसाला थोपवतो. गुडघ्याशी असलेला कठडा तोल गेलेल्या माणसाचे पाय अडवतो आणि त्याला डोक्यावर बाहेर टाकतो.

फ्रेम कठड्याला खेटूनच का, असा प्रश्न पडेल. तांब्याचा पाइप फुटावर विकला जातो आणि डक्टमधून पाइप वर येतात ते बहुधा कडेलाच. वजन पेलणारा बीमही कडेनं गेलेला असतो. मधली गच्ची मालकाला मोकळी हवी असते. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि प्रत्येक कारण यंत्राला कडेकडे ढकलतं. यंत्र कुठे बसेल हे इमारतीचा नकाशा काढताना कोणी ठरवलेलं नसतं. इमारत पुरी होते, भाडेकरू येतो, मग आम्ही येतो, आणि जिथे जागा उरली असेल तिथे यंत्र बसतं. कधी तर जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर बसतं. तिथे कठडाच नसतो. भिंतीत रोवलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून, एका हातात गेज आणि खांद्यावर सिलिंडर घेऊन चढायचं.

आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्याकडचा एक मुलगा अशाच एका फ्रेमवरून पडला. चोवीस वर्षांचा होता. एका मजल्याखाली छज्जा होता, त्यावर पडला म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. रुग्णालयात मालकानं, पोलिसांनी आणि त्या मुलाच्या वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला : पट्टा का बांधला नव्हता?

पट्टा बांधलेला होता. छातीवर, मांड्यांवर, सगळ्या बकला लावून. दोरीच्या टोकाचा हूक मात्र त्यानं स्वतःच्याच कमरेला अडकवून ठेवला होता, कारण दुसरीकडे अडकवण्यासारखं काही नव्हतं. त्या गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी होती, पाण्याचा पीव्हीसी पाइप होता आणि विजेपासून संरक्षणासाठी लावलेली पत्र्याची पट्टी होती. मी त्याला तसं वर पाठवायला नको होतं. ती चूक माझी आहे, आणि त्याच्या वडिलांसमोर मी ती कबूल केली. पण त्यानंतर ज्या ज्या गच्चीवर गेलो तिथे हूक शोधला. अगदी मोजक्या ठिकाणी सापडला.

हूक म्हणजे भिंतीला ठोकलेला खिळा नव्हे. पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. पट्ट्यासोबत झटका शोषणारी पट्टी असते, ती तो कमी करून सहा किलोन्यूटनच्या आत आणते. म्हणजे सगळं नीट असतानाही हुकावर सहाशे किलोपर्यंतची ओढ येऊ शकते. ती ओढ नळाचा पाइप घेणार नाही, डिशचा खांब घेणार नाही आणि आमची अँगलची फ्रेमही घेईलच असं नाही. हूक स्लॅबच्या किंवा बीमच्या सळईत अडकवून, काँक्रीट ओततानाच बसवावा लागतो. त्या वेळी त्याचा खर्च इमारतीच्या हिशेबात दिसतही नाही.

नंतर का बसवत नाही? कारण गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यावर चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, आणि त्या थरावर खालच्या मजल्याचा पावसाळा अवलंबून असतो. ड्रिल मशीन पिशवीतून काढलं की सोसायटीचा सचिव म्हणतो, ‘‘भोक पाडायचं नाही, गच्ची गळेल.’’ त्याचं चुकत नाही. गळते. मीच पाडलेल्या भोकांतून गळलेली मी पाहिली आहे. त्यामुळे आमच्या धंद्यात यंत्राखाली काय असतं ते कधी वाकून पाहा : अर्ध्या विटा, टायरचे तुकडे, सिमेंटचे ठोकळे. बोल्ट नाही. यंत्र आपल्या वजनावर उभं.

आणि वजनाचा भरवसा किती धरायचा? वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी १४०. साध्या हिशेबानं ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. पुरुषभर उंचीचं, मीटरभर रुंदीचं व्हीआरएफ युनिट अडीचशे किलोचं असलं तरी अर्ध्या विटांवरून सरकायला तेवढा रेटा पुष्कळ झाला. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. त्यानंतर शहरोशहरी फलकांची तपासणी सुरू झाली, ती हवीच होती. त्या दिवसांत मी रस्त्यावरून चालताना फलकांच्या मागे दिसणाऱ्या गच्च्यांकडे पाहत होतो. नुसते ठेवलेले पत्रे, टाक्या आणि आमची यंत्रं.

वजनाचं आणखी एक. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा भार धरायचा, आणि जिथे फक्त दुरुस्तीपुरतं जायचं तिथे त्याच्या निम्मा, असं आपलं मानक सांगतं. आमचं एक मोठं युनिट साधारण एक चौरस मीटरवर अडीचशे-तीनशे किलो टाकतं. बीमवर आडवे गर्डर टाकून भार वाटला तर काहीच अडचण नाही. पण बीम कुठून गेलाय हे आम्हाला सांगणार कोण? स्ट्रक्चरचा नकाशा मागितला की बहुतेक ठिकाणी तो सापडत नाही. मग जुना मिस्त्री टाच आपटून आवाजावरून सांगतो. आणि त्यावर काम होतं.

आमच्या धंद्याचे दोषही लिहायला हवेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. पाइपची गळती तपासायला नायट्रोजन वापरायचा असतो. नायट्रोजनचं सिलिंडर हाताशी नसलं की काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन सोडतात. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. हे आयटीआयच्या पोरालाही माहीत असतं, तरी घाईत घडतं. आता आर-३२ हा गॅस सर्रास आलाय, तो पेट घेऊ शकतो, आणि गॅस पुरता काढायच्या आधीच बत्ती पेटवणारे अजून आहेत. युनिट दोराला बांधून कठड्यावरून ओढून चढवणं हाही आमचाच प्रकार. काँक्रीटच्या धारेवर दोर घासत राहतो आणि खाली दुकानासमोर माणसं उभी असतात. हायड्रा क्रेनचं अर्ध्या दिवसाचं भाडं वाचवायला हे चालतं. ते थांबवणं आमच्या हातात आहे, त्यासाठी तुमच्याकडे यायची गरज नाही.

पण काही गोष्टी आमच्या हातात नाहीत. विजेचंच बघा. यंत्र गच्चीवर, त्याची एमसीबी तळमजल्यावरच्या पॅनेलमध्ये, आणि पॅनेलच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे. आमचा माणूस खाली जाऊन स्विच पाडतो, वर येऊन पंख्यात हात घालतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात उकडायला लागतं, कोणीतरी खाली फोन करतं, आणि वॉचमन भल्या मनानं स्विच वर करतो. एकदा माझी बोटं पात्यापासून टीचभर असताना पंखा फिरला. वाचलो, म्हणून हे लिहितोय. यंत्राच्या शेजारी, हात पोचेल तिथे, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर असला की किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते. गच्चीवरच्या सगळ्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर पावसात ओल्या फ्रेमला हात लावताना जीव मुठीत धरावा लागत नाही. विदर्भातल्या डक्टिंग कूलरांना तर हे आधी हवं. तिथे पाणी आणि वीज एकाच पत्र्याच्या पेटीत असतात.

कूलरांवरून आठवलं ते लिहितो, कारण मला त्याची सर्वात जास्त धास्ती वाटते. चाकण, भोसरी, बुटीबोरी, जिथे जाल तिथे कारखान्यांच्या शेडवर कूलर चढताहेत. शेडला उजेडासाठी मधूनमधून फायबरचे पत्रे असतात. नवे असताना ते पांढुरके, वेगळे दिसतात. चार उन्हाळे गेले, धूळ बसली, की लोखंडी पत्र्यासारखेच दिसू लागतात. स्क्रूच्या रांगेवरून, म्हणजे खालच्या पर्लिनवरून चालायचं, हे जुन्या माणसाला ठाऊक असतं. दोन महिन्यांपूर्वी गावाहून आलेल्या हेल्परला नसतं. त्याचा पाय फायबरवर पडला की पत्रा नुसता तडकत नाही, तो पार जातो आणि माणूस तीस फूट खाली मशीनवर. फायबरखाली लोखंडी जाळी आणि कूलरपर्यंत पत्र्यावर दीड-दोन फुटी लोखंडी पायवाट, एवढंच लागतं. शेड उभी करणारा फॅब्रिकेटर हे दोन दिवसांत बसवून देतो, त्याला सांगितलं तर.

म्हणून माझी मागणी एका कागदाची आहे. व्यापारी आणि औद्योगिक इमारतीचा नकाशा मंजुरीला येतो तेव्हा त्यात पार्किंगचा नकाशा असतो, जिना-लिफ्टचा असतो. त्यासोबत गच्चीचा नकाशा मागा. यंत्रांची जागा कडेपासून निदान दोन मीटर आत, आणि ते जमणारच नसेल तर तिथल्या कठड्याची उंची माणूस जिथे उभा राहणार त्या पातळीपासून मोजलेली. बीमवर काढलेले काँक्रीटचे ओटे, त्यांत बोल्ट आधीच रोवलेले, म्हणजे कोब्याला नंतर कोणी हात लावणार नाही. पट्ट्याचे हूक कुठे आणि किती भाराचे. आयसोलेटर कुठे. वर जायला खराखुरा जिना. आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तुमच्या माणसानं गच्चीवर जाऊन ते ओटे, ते हूक डोळ्यांनी पाहावेत. जुन्या इमारतींना मुदत द्या, पण पुढच्या वेळी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उखडतील तेव्हा हूक बसवणं बंधनकारक करा. कोबा तेव्हा उघडाच असतो.

बांधकाम व्यावसायिक खर्च वाढतो म्हणतील. त्यांना माझ्या धंद्यातलं एक साधं गणित सांगा. यंत्रं एकमेकांना चिकटवून, तोंडं समोरासमोर करून बसवली की एकाची गरम हवा दुसरं ओढतं, दाब चढतो, विजेचं बिल वाढतं आणि ऐन मे महिन्यात यंत्र ट्रिप होतं. जागा आखलेली गच्ची भाडेकरूला दर महिन्याला स्वस्त पडते.

घाई अशासाठी की हे काम आता कैक पटींनी वाढणार आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला. देशाची गारव्याची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल, असा अंदाज त्यात आहे. एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्टही त्यातच होतं. मुलं शिकतील, पट्टा बांधायलाही शिकतील. त्या पट्ट्याचं दुसरं टोक ज्या गच्च्यांवर अडकायचं, त्या आज तुमच्या कचेऱ्यांमध्ये नकाशांच्या रूपात मंजुरीसाठी पडून आहेत.

तो मुलगा आता वर चढत नाही. माझ्या दुकानात बसून पीसीबी दुरुस्त करतो, हात चांगला आहे त्याचा. सकाळी मुलांना सामान तोच काढून देतो आणि पट्ट्याची शिवण, हुकाची स्प्रिंग तपासल्याशिवाय एकही पिशवी बाहेर जाऊ देत नाही.

आमचा हंगाम होळीनंतर सुरू होतो. त्याआधी तुमच्या विभागातल्या कोणा अधिकाऱ्याला सवड झाली तर पुण्यातल्या दहा-बारा गच्च्या मी एका दिवसात दाखवू शकतो. मालकांची परवानगी मी काढतो. सकाळी लवकर यावं लागेल, अकरानंतर पत्र्यावर हात टेकवत नाही.

आपला,
एक एसी कंत्राटदार, पुणे