हक्क मिळाला, पण हेडिंगचं काय?

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची एक याचिका होती आणि दुसरी अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, अशी अट असेल तर यांनी खातं उघडायचं कसं, हा प्रश्न होता. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि 20 निर्देश दिले. वेबसाइट आणि अ‍ॅप यांचं वेळोवेळी अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑडिट करा, हा त्यातलाच एक. पाठोपाठ 31 जुलै 2025 रोजी सेबीनेही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी परिपत्रक काढलं.

चर्चा झाली ती मुख्यतः केवायसीची. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला ऑडिटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑडिट कसं होतं, यावरच हा हक्क स्क्रीनपर्यंत पोहोचणार की नाही ते ठरेल. उदाहरणासाठी अगदी साधी गोष्ट घेऊ: हेडिंग.

मोठी अक्षरं म्हणजे हेडिंग नव्हे

आपण पान उघडतो आणि नजर फिरवून 'पात्रता', 'कागदपत्रे', 'शेवटची तारीख' असे भाग पटकन शोधतो. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती हेच काम कीबोर्डने करते. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये 'एच' दाबलं की पुढचं हेडिंग येतं, 2 दाबलं की दुसऱ्या पातळीचं पुढचं हेडिंग. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही हेडिंगवरून हेडिंगवर जाता येतं. वेबएम या संस्थेच्या 2024 च्या सर्वेक्षणात सुमारे 70 टक्के स्क्रीन रीडर वापरकर्त्यांनी सांगितलं, की मोठ्या पानावर माहिती शोधायची तर ते हेडिंगवरूनच शोधतात.

पण हे चालतं ते एचटीएमएलच्या एच1 ते एच6 या टॅगवर. 'कागदपत्रे' हा शब्द नुसता बोल्ड आणि मोठा केला, तर दिसायला ते हेडिंग असतं, पण स्क्रीन रीडरच्या लेखी साधा मजकूर. मग एका तारखेसाठी अख्खं पान ऐकत बसा! देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठी मजकुरात सगळा भर बोल्ड, आकार आणि रंग यांवरच असतो. म्हणून ही गडबड आपल्याकडे फार सहज होते.

टूल पास, माणूस नापास

ऑडिट म्हटलं की बऱ्याचदा एक ऑटोमॅटिक टूल चालवलं जातं. रिकामं हेडिंग किंवा एच2 नंतर थेट एच4 आलेलं ते पकडतं. पण बोल्ड केलेली ओळ हेडिंग आहे की नुसता जोर दिलेलं वाक्य, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे स्कोअर छान येतो आणि पान तसंच अडचणीचं राहतं. कोपऱ्यात अक्षरं मोठी करायचं बटण लावूनही हे सुटत नाही.

खरं तर डब्ल्यूसीएजी या जागतिक मानकात मजकुराची रचना कोडमधून कळावी, ही अट सगळ्यात खालच्या 'ए' पातळीवरच आहे. खर्चही फारसा नाही. टॅग बदलला तरी सीएसएसमुळे पान दिसायला जसंच्या तसं ठेवता येतं. म्हणूनच अ‍ॅप आणि वेबसाइटच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करा, हा न्यायालयाचा निर्देश मला सर्वांत मोलाचा वाटतो. टूलला न दिसणारी चूक त्यांना पहिल्या मिनिटात कळते.

तुम्ही वेबसाइट सांभाळत असाल तर आजच एवढं करा:

- पानाच्या मुख्य शीर्षकाला एच1, भागांना एच2, उपभागांना एच3 द्या.
- पातळी ठरवताना अक्षरांचा आकार बघू नका, कुठला भाग कशाच्या पोटात येतो ते बघा.
- साधं वाक्य मोठं दिसावं म्हणून हेडिंगचा टॅग वापरू नका.
- शेवटी एनव्हीडीए सुरू करा, मॉनिटर बंद करा आणि फक्त 'एच' दाबत अर्जाची शेवटची तारीख शोधा.

ती सापडली नाही, तर ऑडिटचा अहवाल काहीही म्हणो, काम अजून बाकी आहे.