मुराळ्यावरचे आरोप

2021 च्या दिवाळीत बहिणीला आणायला निघालेला मुराळी एकाएकी गुन्हेगार ठरला. कोरोनाची साथ अजून गेलेली नाही, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत राजकारण तापलंय, एसटी बंद पडत चाललीय आणि हा गडी फराळाची पिशवी गाडीला अडकवून निघालाय! व्हिडिओ कॉल असताना ही हौस कशाला, असं विचारणारे शहाणे तेव्हा घराघरांत होते. पुढची साथ येईल तेव्हा ते पुन्हा हेच विचारतील. म्हणून त्यांचा हिशेब आताच केलेला बरा.

त्यांच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी घेऊ. 2020 साली 22 ऑगस्टला गणपती बसले, माणसं गावोगाव गेली आणि सप्टेंबरात पहिली लाट शिगेला पोचली. दुसऱ्या लाटेत तर सांगली जिल्हा असा होरपळला, की राज्यातले इतर जिल्हे मोकळे होत असताना इथले निर्बंध सुटता सुटत नव्हते. एवढं भोगून पुन्हा दिवाळीला गोळा व्हायचं?

सप्टेंबरची ती लाट देशभर होती. ज्या राज्यांत घरोघर गणपती बसत नाहीत, तिथेही ती होती. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला दिवाळी झाली आणि आता पंधरा दिवसांत बघा, असं सगळे बजावत राहिले. दुसरी लाट आली ती फेब्रुवारीत, आणि अमरावती-अकोल्याकडून. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की खापर कावळ्यावर फोडायचं, असा हा तर्क आहे. त्यानं सण निर्दोष ठरतो असं मात्र नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये कुणी असा निघाला असता, तर मी त्याची बाजू घेतली नसती. नोव्हेंबरची गोष्ट वेगळी होती. 4 ऑक्टोबरला शाळा उघडल्या, 7 तारखेला घटस्थापनेच्या मुहूर्तावर मंदिरं, 22 ला चित्रपटगृहं. 21 ऑक्टोबरला देशात लशीचे 100 कोटी डोस पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. बंद थिएटरात अनोळखी माणसांसोबत बसणारा प्रेक्षक चालतो, आणि बहिणीच्या ओसरीवर उघड्या हवेत बसणारा भाऊ तेवढा बेजबाबदार? त्या दिवाळीनंतरही महिनाभर रुग्ण वाढले नाहीत. तिसरी लाट ओमिक्रॉननं आणली, आणि तो विषाणू करंज्यांच्या डब्यातून आलेला नव्हता.

आता गर्दीचंच बोलायचं तर सगळ्या गर्दीचं बोलू. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या 12 हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. गावोगाव पॅनेल उभी राहिली, जेवणावळी उठल्या. 17 एप्रिलला, दुसरी लाट ऐन भरात असताना, आटपाडीपासून जवळच्याच पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणूक घेतली गेली. त्यासाठी सभा झाल्या, राज्यभरातले नेते येऊन गेले. त्याच महिन्यात सरकारी आदेश असा होता, की लग्नाला 25 माणसं, तीही दोन तासांसाठी, आणि मयतीला 20. म्हणजे बापाच्या मयतीला एकविसावा माणूस चालत नव्हता, प्रचारसभेला चालत होता. आटपाडीच्या बाजारात तर 2020 च्या अखेरीस एका माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांना मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही. ती बातमी सगळ्यांनी कौतुकानं वाचली. तिथल्या गर्दीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

2021 च्या ऑगस्टात आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरातल्या नऊ गावांत संचारबंदी लागली. ती लागली बैलगाडा शर्यतीमुळे. शर्यतींवर बंदी होती, आमदार गोपीचंद पडळकरांनी शर्यत घेणारच असं जाहीर केलं होतं आणि 20 तारखेला भल्या पहाटे पोलिसांना चुकवून ती पारही पडली. दोनच दिवसांनी राखीपौर्णिमा होती. ज्यांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला होता, त्यांना राखीला जाऊ-येऊ नका म्हणून सांगायला रोगाची गरजच नव्हती.

दिवाळीतही तेच झालं. 6 नोव्हेंबरला, शनिवारी, भाऊबीज होती. रविवारी, 7 तारखेला, जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या निवडणुकीच्या धामधुमीत आटपाडीत दोन गट एकमेकांना भिडले. मग "असल्या गावात कशाला जायचं, घरातही भांडणं होतील" हा दुसरा आक्षेप आला. हा आक्षेप घेणाऱ्याला माणदेशातलं राजकारण कळलेलं नाही. इथं सोसायटी असो की बँक, मतं भावकीतून आणि सोयरिकीतून फिरतात. पाव्हणा न आल्यानं भांडण मिटत नाही. उलट दोन्ही बाजूंचे जावई एका पंगतीला बसले की आवाज जरा खाली येतो. ज्याला घरात वाद नको आहे, त्यानं मोबाइल खिशात ठेवावा. घर टाळायचं काय कारण?

एसटीचंही असंच. सरकारमध्ये विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि दिवाळी संपता संपता राज्यातल्या 250 आगारांपैकी बहुतेक सगळी थंडावली. आटपाडीला रेल्वे नाही. माणसं वडापच्या जीपमध्ये कोंबून गेली, आणि तो प्रवास खरोखर धोक्याचा होता, हे मी मान्य करतो. पण तो धोका ना मुराळ्यानं निर्माण केला, ना संपावर बसलेल्या कंडक्टरनं, ज्याच्या स्वतःच्या घरी त्या साली धड दिवाळी झाली नव्हती. संप मिटायला एप्रिल 2022 उजाडला, यावरूनच तो सोडवायची घाई कुणाला किती होती ते दिसतं.

राहिलं व्हिडिओ कॉलचं. इथं आक्षेप घेणाऱ्यांनी मूळ कामच ओळखलेलं नाही. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. भाऊबंद आणि सोयरे फराळाचे डबे घेऊन जातात, दारात बसतात, घरच्यांना दोन घास खायला लावतात. तेव्हापासून त्या घराचे सण पुन्हा सुरू होतात. एप्रिल ते जुलै 2021 मध्ये या भागातल्या किती घरांत माणसं गेली, ती कशी गेली, हे इथल्या कुणाला सांगायला नको. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत, तोंड बघायला मिळालं नाही, तेराव्याला चार माणसं. त्या घरांचं सांत्वन सहा महिने थकलेलं होतं. ते देणं दिवाळीला फेडलं गेलं. विधवा झालेल्या बहिणीसमोर भाऊ नुसता गप्प बसून राहतो, तेही एक काम असतं. फोनवर गप्प बसलं की समोरचा विचारतो, आवाज येतोय का?

जायचं ते कसं, हेही या मुलखाला नवं नाही. प्लेगाच्या काळात माणसं गाव रिकामं करून रानात झोपड्या टाकून राहत, भेटत ती उघड्यावर. आटपाडी तालुक्यात आजही बरीच माणसं शेतातल्या वस्त्यांवर राहतात, दारात झाड आणि मोकळं अंगण. ताप असेल तर निघू नये, म्हाताऱ्यांचे दोन्ही डोस झाले आहेत का ते आधी विचारावं, बसावं बाहेर, आणि मुक्काम टाळावा. एवढं पाळणारा मुराळी कुठल्याही मंत्र्याच्या दौऱ्यापेक्षा जास्त जबाबदार होता.

पुढच्या साथीत नियम लिहायला बसणाऱ्यांना एकच सांगणं आहे. आधी सभा बंद करा, निवडणुका पुढे ढकला, एसटी चालू ठेवा. त्यानंतरच बहिणीच्या दारातल्या चार माणसांची मोजदाद करायला या.